आकड्यासोबत त्याची चूकही छापा: अमेरिकेतील मतचाचणी संस्थांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील मतचाचणी संस्था, निवडणुकीचे अंदाज वर्तवणारे विश्लेषक आणि ते आकडे छापणारे, दाखवणारे सर्व संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०२४ ची अध्यक्षीय निवडणूक आटोपली आणि काही दिवसांतच तुमच्यातल्या अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. यंदा चाचण्या बऱ्यापैकी जमल्या, असं म्हणू लागलात. राष्ट्रीय सरासरीत कमला हॅरिस साधारण एका टक्क्याने पुढे होत्या, प्रत्यक्षात डोनाल्ड ट्रम्प दीड टक्क्याने पुढे राहिले. म्हणजे फरक अडीच टक्क्यांचा, इतिहासाच्या मानाने किरकोळ. हिशेब बरोबर आहे. पण याच हिशेबाच्या बाजूला २०१६ आणि २०२० ठेवून बघा. तिन्ही वेळा ट्रम्प यांची मतं कमी मोजली गेली. योगायोगाने होणारी चूक कधी इकडे पडते, कधी तिकडे. ती सलग तीन निवडणुका एकाच बाजूला पडत असेल, आणि तीही काट्याच्या बहुतेक राज्यांत एकाच वेळी, तर खोट मोजण्याच्या पद्धतीत शोधायची असते, असं मी वर्गात शिकवते. सातही स्विंग स्टेट्स, म्हणजे काट्याची राज्यं, एका उमेदवाराकडे गेली आणि देशातला अर्धा वाचकवर्ग सकाळी उठून विचारत होता, हे कसं झालं? त्या प्रश्नाला 'आम्ही मर्यादेत होतो' हे उत्तर मला मान्य नाही. म्हणून हे पत्र.

मी मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या उपनगरात राहते, एका कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि इथली नोंदणीकृत मतदार आहे. माहेर साताऱ्याचं. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तुमचे आकडे मराठीतही वाचले जातात. इथल्या मराठी घरांत त्यावरून वाद होतात आणि महाराष्ट्रातल्या वाहिन्यांवर ते जसेच्या तसे झळकतात. कोण जिंकलं, कोण हरलं याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला मतं मिळाली तो जिंकला. तक्रार तुमच्या कामाबद्दल आहे, आणि ती २०१६ पासून साठत आलेली आहे.

त्या वर्षी मिशिगनने तुम्हाला मार्चमध्येच इशारा दिला होता. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत चाचण्यांच्या सरासरीत हिलरी क्लिंटन वीसहून अधिक टक्क्यांनी पुढे होत्या आणि बर्नी सँडर्स इथे दीड टक्क्याने जिंकले. एवढी मोठी चूक झाल्यावर या राज्यात आपल्याला कोण सापडत नाहीये, याचा शोध घ्यायला आठ महिने हाताशी होते. नोव्हेंबर उजाडला तेव्हा चित्र असं होतं: अंदाज वर्तवणारं संकेतस्थळ फाइव्हथर्टीएट क्लिंटन यांना जिंकण्याची ७१ टक्के शक्यता देत होतं, न्यूयॉर्क टाइम्सचं मॉडेल ८५, हफिंग्टन पोस्ट ९८ आणि प्रिन्स्टनचं मॉडेल ९९. ८ नोव्हेंबर २०१६ ला ट्रम्प यांनी मिशिगन १०,७०४ मतांनी जिंकलं, विस्कॉन्सिन २२,७४८ आणि पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी. तिन्ही मिळून अठ्ठ्याहत्तर हजारसुद्धा भरत नाहीत. अध्यक्षपद तिथे ठरलं.

न्यायाने सांगायचं तर त्या वर्षीच्या राष्ट्रीय चाचण्या वाईट नव्हत्या. क्लिंटन यांना देशभरात तीनेक टक्क्यांची आघाडी दाखवली होती, मिळाली २.१ टक्क्यांची, जवळपास २९ लाख मतांची. चुकलं ते राज्यांत. विस्कॉन्सिनमध्ये सरासरी आघाडी साडेसहा टक्के दाखवली जात होती. आणि अमेरिकेचा अध्यक्ष राज्यवार इलेक्टोरल मतांनी (बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला तिथली सगळी) निवडला जातो, हे तुमच्याइतकं नीट कुणाला ठाऊक असणार? तरीही राष्ट्रीय आकड्यांचा रोजचा रतीब चालू राहिला आणि ज्या राज्यांवर निकाल टांगलेला होता तिथे चांगल्या, खर्चिक चाचण्या शेवटच्या आठवड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच झाल्या. बरेच मतदार त्याच आठवड्यात मन पक्कं करत होते आणि विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडात त्यांचा कल ट्रम्प यांच्याकडे होता, हे तुमच्याच व्यावसायिक संघटनेने, म्हणजे जनमत संशोधकांच्या अमेरिकन संघटनेने, मे २०१७ च्या अहवालात लिहिलं आहे.

माझी पहिली तक्रार त्या ९८ आणि ९९ बद्दल आहे, कारण त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. २०१६ ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. मंडळाच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलापाशी मी मतदानाचे अर्ज घेऊन उभी होते. त्या काळी मिशिगनमध्ये साठीच्या पुढच्यांना कारण न देता घरपोच मतपत्रिका मागवता यायची. एका काकांसमोर अर्ज धरला, तर त्यांनी चकली मोडता मोडता खिशातला फोन काढून माझ्यापुढे केला. पडद्यावर मोठ्या निळ्या अक्षरात ९८. "अगं, झालंय तिचं. आता आमच्या दोन मतांनी काय होणार?" काकूंनी अर्ज घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि तो तिथेच राहिला. ते दोघं मत देणार होते ते कुणाला, हे मी विचारलं नाही, विचारण्याचा प्रश्नही नव्हता. पण मिशिगनमध्ये ८३ कौंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत. १०,७०४ ला ८३ ने भागा: एका कौंटीमागे सरासरी १२९ मतं. आमच्या त्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी याहून जास्त मतदार जेवायला बसले होते.

हे एका काकांपुरतं असतं तर मी लिहिलं नसतं. वेस्टवूड, मेसिंग आणि लेलकेस या संशोधकांनी प्रयोग करून पाहिले आणि २०२० साली प्रसिद्ध केले. जिंकण्याची शक्यता टक्क्यांत सांगितली की लोक निकालाबद्दल भलतेच निर्धास्त होतात आणि मतदानाला जाण्याचा उत्साह कमी होतो, असं त्यात दिसलं. खुद्द एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांनीही पुढे लिहून ठेवलं आहे की, क्लिंटन निवडून येणारच असं सगळीकडे गृहीत धरलेलं असल्याचा परिणाम त्यांच्या निर्णयावर झाला असण्याची पूर्ण शक्यता आहे. २८ ऑक्टोबर २०१६ चं त्यांचं ते पत्र, क्लिंटन यांच्या ईमेल प्रकरणाची चौकशी पुन्हा हाती घेतल्याचं, साऱ्या जगाने वाचलं. तेव्हा 'आम्ही फक्त आरसा दाखवतो' असं कृपा करून म्हणू नका. तुमच्या आकड्यांवर माणसं वागतात, मोठ्या पदावरची माणसंही.

तुम्ही म्हणाल, ७१ टक्के म्हणजे दहात तीन वेळा पराभव, आणि तसं सांगितलंही होतं. खरं आहे. फाइव्हथर्टीएटचे संस्थापक नेट सिल्व्हर यांनी ते निवडणुकीआधी ठासून सांगितलं होतं, आणि तेव्हा उलट त्यांच्यावरच टीका झाली. पण ९९ कुठून आले? राज्याराज्यांतल्या चुका एकमेकींना बांधलेल्या असतात, विस्कॉन्सिनमध्ये एखादा गट मोजायचा राहिला तर शेजारच्या मिशिगनमध्येही तोच गट राहणार, ही साधी गोष्ट पुरेशी न धरल्यामुळे आले. ही परीक्षेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे गुण कापावेत अशी चूक आहे, आणि ती दशांश चिन्हांच्या थाटात छापली गेली.

दुसरी तक्रार 'मार्जिन ऑफ एरर', म्हणजे चुकीची मर्यादा, या ओळीबद्दल. हजार जणांना विचारलं, अधिक-उणे तीन टक्के, असं तुम्ही तळटीपेत लिहिता. हे तीन टक्के एका उमेदवाराच्या टक्केवारीला लागू होतात. दोघांमधल्या अंतराला लावायचे तर जवळपास सहा होतात, हे किती बातम्यांत छापलं गेलं? शिवाय ते तीन टक्के फक्त नमुना निवडताना होणाऱ्या योगायोगाचे. फोन कुणी उचलला, कुणी खरं सांगितलं, मतदानाला कोण जाणार, या सगळ्यांतून येणारी चूक त्यात धरलेलीच नसते. जुन्या शेकडो निवडणुकांच्या चाचण्या निकालांशी ताडून पाहणाऱ्या संशोधकांना, त्यात कोलंबिया विद्यापीठाचे अँड्र्यू गेलमनही होते, प्रत्यक्षातली चूक छापलेल्या मर्यादेच्या सुमारे दुप्पट आढळली. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे तुम्हाला माहीत आहे. माहीत असूनही ती जुनीच ओळ अजून तशीच छापली जाते.

आता तो भार देण्याचा, वेटिंगचा प्रकार. याबद्दल सर्वसामान्य वाचकाला जवळपास काहीच सांगितलं जात नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यात वयस्कर जास्त, तरुण कमी असतील, तर तरुणांच्या उत्तराला जास्त वजन द्यायचं आणि नमुना लोकसंख्येसारखा करून घ्यायचा. पद्धत रास्त आहे. पण कशाला किती वजन द्यायचं हे ठरवणारा माणूस असतो. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनेच एक सुंदर प्रयोग केला होता. फ्लोरिडातल्या ८६७ मतदारांची तीच ती उत्तरं त्यांनी चार नामांकित चाचणीकारांना दिली. एकाने क्लिंटन चार टक्क्यांनी पुढे सांगितल्या, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने एक, आणि चौथ्याने ट्रम्प एका टक्क्याने पुढे. माणसं तीच, उत्तरं तीच, फरक पाच टक्क्यांचा! फ्लोरिडाचा निकाल त्याहून कितीतरी कमी अंतराने लागला. त्याच वर्षी एका मोठ्या दैनंदिन चाचणीत इलिनॉयच्या एका एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या उत्तराला काही दिवशी सरासरी माणसाच्या तीसपट वजन मिळत होतं, हेही उघड झालं. तो एकटा देशाचा कल एका टक्क्याने हलवत होता.

आणि मिशिगन, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत जे वजन द्यायला हवं होतं, शिक्षणाचं, ते अनेक चाचण्यांनी दिलंच नाही. पदवीधर माणूस सर्वेक्षणाला उत्तर द्यायला जास्त तयार असतो. २०१२ मध्ये त्याने बिघडलं नाही, कारण ओबामांना सर्वांत कमी शिकलेल्यांत आणि सर्वांत जास्त शिकलेल्यांत, दोन्ही टोकांना पाठिंबा होता, चुका एकमेकींत जिरल्या. २०१६ ला शिक्षण हीच मुख्य दुफळी ठरली आणि झाकलेलं उघडं पडलं. इथल्या मोटार कारखान्यांच्या गावांतून एखादी चक्कर मारली असती तरी ही दुफळी कानावर पडली असती.

पुढच्या वेळी शिक्षणाचं वजन धरलंत. आणि २०२० मध्ये चूक आणखी वाढली! विस्कॉन्सिनमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस एका नामांकित चाचणीने बायडन यांना १७ टक्क्यांची आघाडी दिली होती. ते तिथे एका टक्क्यापेक्षाही कमी फरकाने, २०,६८२ मतांनी जिंकले. बायडन जिंकले म्हणून फारसा बोभाटा झाला नाही, पण तुमच्या संघटनेच्याच अहवालानुसार राष्ट्रीय चाचण्यांमधली ती ४० वर्षांतली सर्वांत मोठी चूक होती आणि तिचं कारण निश्चित सांगता आलं नाही.

कारणाचा अंदाज मात्र सगळ्यांनाच आहे. लोक फोन उचलत नाहीत. जनमत सर्वेक्षणं करणाऱ्या प्यू संस्थेने स्वतःचे आकडे प्रामाणिकपणे जाहीर केले आहेत: १९९७ मध्ये त्यांच्या टेलिफोन सर्वेक्षणांना शंभरातले ३६ जण प्रतिसाद देत होते, २०१८ मध्ये सहा. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत पातेल्यातून कुठूनही उचलता आलं पाहिजे. इथे शंभरातली चौऱ्याण्णव शितं हाताला लागतच नाहीत. संस्थांवर, वर्तमानपत्रांवर, अनोळखी आवाजावर ज्यांचा विश्वास उरलेला नाही ते तुमच्याशी बोलत नाहीत, आणि तेच लोक एका विशिष्ट उमेदवाराकडे जास्त झुकलेले असतील तर वय, वंश, शिक्षण कशाचंही वजन देऊन ती पोकळी भरत नाही. मग हा प्रतिसादाचा आकडा प्रत्येक बातमीच्या पहिल्या परिच्छेदात का नसतो?

भाषेचंही तसंच. विचारणा बहुतेकदा इंग्रजीत होते, फार तर स्पॅनिशमध्ये. मुलांकडे येऊन नागरिक झालेले आमचे कितीतरी आजी-आजोबा मत व्यवस्थित देतात, पण फोनवरच्या भरधाव इंग्रजीला घाबरून रिसीव्हर ठेवतात. 'आशियाई मतदार काय म्हणतात' अशा बऱ्याच बातम्या त्यांना वगळूनच बनतात.

शेवटची तक्रार सर्वांत गंभीर आहे, कारण तिथे अज्ञानाची सबब चालणार नाही. २०२४ च्या अखेरच्या आठवड्यांत पेनसिल्व्हेनियात एकामागून एक चाचण्या बरोबरी, एक टक्का, फार तर दोन टक्के दाखवत होत्या. लढत अगदी तंतोतंत बरोबरीची धरली तरीही ८०० जणांच्या नमुन्यांत साधारण दर तिसऱ्या चाचणीत निव्वळ योगायोगाने साडेतीन टक्क्यांहून मोठी आघाडी कुणाला ना कुणाला दिसायलाच हवी. मग त्या चाचण्या गेल्या कुठे? एकतर छापल्या नाहीत, किंवा वजनं फिरवून इतरांच्या रांगेत आणून बसवल्या. एकटं पडण्याची भीती वाटली. सिल्व्हर यांनी हे तेव्हाच जाहीरपणे लिहिलं होतं.

याच्या उलट आयोवात चाचणीकार अॅन सेल्झर यांनी केलं. २०१६ आणि २०२० मध्ये त्यांनी आयोवात ट्रम्प यांना सात टक्क्यांची आघाडी दिली होती. २०२० ला तर बाकीचे तिथे अटीतटी सांगत होते. दोन्ही वेळा त्या निकालाच्या जवळ होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या ८०८ जणांच्या नमुन्यात हॅरिस ४७, ट्रम्प ४४ आले. सगळ्या जगापेक्षा वेगळा आकडा. त्यांनी तो आला तसा छापला. ट्रम्प आयोवात १३ टक्क्यांनी जिंकले. चूक प्रचंड होती आणि तिची सर्व माहिती त्यांनी नंतर तपासणीसाठी खुली केली. त्यांची जी थट्टा झाली आणि नंतर ट्रम्प यांनी त्यांच्यावर जो खटला भरला, त्या दोन्हींचा मी निषेध करते. सचोटीने चुकणाऱ्याला अशी शिक्षा झाली तर पुढचा प्रत्येक चाचणीकार शेजाऱ्याच्या वहीत बघूनच उत्तर लिहील. त्या वेळी तुमच्या व्यवसायाने त्यांच्या बाजूने आणखी जोरात बोलायला हवं होतं.

मराठी संपादकांना दोन शब्द. जून २०२४ मध्ये एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेलं होतं, आले २९३. त्या पोलवर भरवसा ठेवून ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला आणि ४ जूनला जवळपास ४,४०० अंकांनी कोसळला. हे ताजं असताना पाचच महिन्यांनी अमेरिकेचे आकडे उचलताना नमुना किती जणांचा, चाचणी कुणाची, कोणत्या राज्याची, हे विचारायची तसदी फार थोड्यांनी घेतली. साताऱ्याहून मला फोन येत होते, "तिकडचं ठरलं म्हणे?" काहीच ठरलेलं नव्हतं.

तुमच्या व्यवसायाला सुधारता येतं हे इतिहासात नोंदलेलं आहे. १९३६ साली लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त मतपत्रिका गोळा करून रूझवेल्ट हरणार असं सांगितलं आणि ते ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. १९४८ साली गॅलप यांनी ऑक्टोबरच्या मध्यावरच विचारणं थांबवलं, ट्रूमन हरणार असं सांगितलं आणि ट्रूमन जिंकले. दोन्ही वेळा पद्धत मुळापासून तपासली गेली, बदलली गेली. आता तेच करायची वेळ आहे. माझ्या मागण्या अशा:

मार्जिन ऑफ एररच्या जागी तुमच्या संस्थेची गेल्या निवडणुकांतली प्रत्यक्ष चूक छापा, त्याच आकाराच्या अक्षरात, आणि आघाडीला किती चूक लागू होते तेही लिहा.

किती जणांना फोन किंवा संदेश केले, किती जण बोलले, कोणकोणत्या भाषांत बोलले, कशाकशाचं वजन दिलं आणि वजन देण्याआधीचे कच्चे आकडे काय होते, हे प्रत्येक चाचणीसोबत उघड करा. चाचणी सुरू करण्याआधीच तिची पद्धत आणि तारीख जाहीर नोंदवा आणि निकाल काहीही येवो, तो प्रसिद्ध करा. मागाहून गाळलेली चाचणी लपून राहणार नाही, अशी ही नोंद हवी.

जिंकण्याची शक्यता टक्क्यांत सांगून मथळे करणं थांबवा. निदान दशांश तरी काढून टाका.

राष्ट्रीय चाचण्या कमी करा आणि तो पैसा काट्याच्या राज्यांत, शेवटच्या आठवड्यात घाला. वर्तमानपत्रांनी एकत्र येऊन खर्च वाटून घेतला तर हे परवडण्यासारखं आहे.

संपादकांनी चुकीच्या मर्यादेपेक्षा लहान आघाडीला 'आघाडी' म्हणू नये. 'बरोबरी' हा शब्द मथळ्यात मावतो.

२०२६ मध्ये मिशिगन नवा गव्हर्नर निवडणार आहे. त्या निवडणुकीची पुढची चाचणी प्रसिद्ध करताना यातलं काय मान्य केलं आणि काय नाही, ते कारणासकट जाहीरपणे लिहा. मी ते वर्गात वाचून दाखवीन.

आपली,
मिशिगनमधली एक मतदार आणि संख्याशास्त्राची शिक्षिका